टीपीआर चार्टवरचा १८ : नर्सिंगच्या मुलांना रुग्ण तपासायला कसं शिकवता?

रात्रपाळी · रविवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या सेमिस्टरची मुलं माझ्याकडे वॉर्डात येतील. हेल्थ असेसमेंट, म्हणजे रुग्ण तपासणं, त्यांना याच सेमिस्टरला असतं. मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) सगळं करून झालेलं असतं, चेकलिस्ट पाठ असते, पण खऱ्या माणसाच्या पलंगाशी उभं राहिलं की हात कुठे ठेवावा ते सुचत नाही. मी २२ वर्षं वॉर्डात काढली आणि गेली ६ वर्षं शिकवते आहे. इथे नर्सेस आहेत, डॉक्टर आहेत, विद्यार्थी आणि रुग्णांच्या घरचेही आहेत, म्हणून हा धागा.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

दुसऱ्या वर्षाला होते. मेडिकल वॉर्ड, सकाळची ड्यूटी, ४० रुग्णांचे टीपीआर, म्हणजे तापमान, नाडी आणि श्वास. तापमान घेतलं, नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली, आणि श्वासाच्या रकान्यात १८, २०, १८, २० असं लिहीत गेले. सगळ्याच तसं लिहीत होत्या. रात्रीच्या नोंदीही तशाच होत्या. ११ नंबरला तापासाठी दाखल झालेले एक काका होते. शांत पडून होते. ‘बरं आहे पोरी’ म्हणाले. मी १८ लिहिले आणि १२ नंबरकडे वळले. तासाभराने राउंडला आलेल्या रेसिडेंट डॉक्टरांनी पांघरूण बाजूला केलं, घड्याळ धरलं आणि मोजले. ३४ भरले. न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. काकांना आयसीयूत हलवलं, दुसऱ्या दिवशी रात्री ते गेले. त्या एका तासाने काय बदललं असतं हे कुणालाच सांगता येणार नाही. पण चार्टवरचा तो १८ माझ्या अक्षरातला होता आणि मी तो त्यांच्या छातीकडे न बघता लिहिला होता.

म्हणून पहिल्या दिवशी मी मुलांना स्टेथोस्कोप पिशवीत ठेवायला सांगते. एकच काम. एका रुग्णाचे श्वास पूर्ण ६० सेकंद मोजायचे, त्याला न सांगता. ‘श्वास मोजते हं’ म्हटलं की माणसाचा श्वास लगेच बदलतो. नाडी मोजून झाली की मनगट सोडायचं नाही. तोच हात त्यांच्या पोटावर आडवा ठेवायचा, बोटं नाडीवरच, नजर छातीकडे. त्यांना वाटतं अजून नाडीच चालली आहे. पदराची किंवा चादरीची घडी वर-खाली होते, तिच्यावर मोजायचं. मोठ्या माणसाचे १२ ते २० असतात. २५ झाले तर तिथून हलायचं नाही, हाक मारायची. संसर्ग पसरला, रक्तात आम्ल वाढलं, आत कुठे रक्तस्राव सुरू झाला, ऑक्सिजन कमी पडला, की बहुतेक वेळा श्वास आधी वाढतो. बीपी पडतं ते फार नंतर. आणि याच एका आकड्याला आपल्याकडे मशीन नसतं, म्हणून तोच सगळ्यात जास्त खोटा लिहिला जातो.

तुम्ही पहिल्या दिवशी काय शिकवता? तुम्हाला कुणी काय शिकवलं, जे पुस्तकात नव्हतं?

दुसरं_सेमिस्टर · रविवार, रात्री १०.५२

मॅम, मी तुमच्या कॉलेजची नाही, पण दुसऱ्याच सेमिस्टरला आहे आणि आमचंही पोस्टिंग याच आठवड्यात सुरू होतंय. ते काकांचं वाचून रडूच आलं. खरं सांगते, आम्हालाही सीनियर्सनी ‘आर आर (श्वासाचा आकडा) १८ टाकून दे’ असंच सांगितलंय.

दोन प्रश्न आहेत. एक, पोटाच्या वेळी क्रम का बदलतो? छातीला आधी बघणे, मग हाताने चाचपणे, ठोकणे आणि शेवटी ऐकणे, पण पोटाला बघितल्यावर लगेच ऐकायचं. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) विचारतात, मी पाठ करून सांगते, कारण कळलेलं नाही. दुसरा, पर्कशन, म्हणजे बोटाने ठोकून आवाज ओळखणं, मला येतच नाही. कुठेही ठोकलं तरी सारखाच भद्द आवाज येतो.

रात्रपाळी · रविवार, रात्री ११.३०

बाळा, आधी पोट. आतड्यांची हालचाल दाबल्याने बदलते. तू आधी दाबून चाचपलंस तर शांत आतडी जागी होतील, आणि मग तुला जे ऐकू येईल ते तू स्वतः केलेलं असेल. म्हणून हात लावायच्या आधी ऐकायचं. आवाज ‘नाहीत’ असं लिहायचं असेल तर पाच मिनिटं ऐकून मगच. पाच मिनिटं फार मोठी वाटतात, घड्याळ लावून बघ. मग ठोकायचं आणि सगळ्यात शेवटी चाचपायचं. गुडघे दुमडायला सांग, म्हणजे पोट सैल पडतं. हात आधी चोळून गरम कर. ‘कुठे दुखतंय ते एका बोटाने दाखवा’ म्हण आणि तो भाग सगळ्यात शेवटी घे. दाबताना हाताकडे बघू नकोस, चेहऱ्याकडे बघ. माणूस तोंडाने ‘नाही दुखत’ म्हणतो आणि भुवई सांगते.

आता पर्कशन. ही पद्धत ज्याने लिहून काढली तो लिओपोल्ड आउएनब्रुगर ऑस्ट्रियातल्या ग्राझचा, खानावळवाल्याचा मुलगा. पिंपात दारू कुठवर आहे ते ठोकून ओळखतात हे त्याने घरी बघितलेलं. १७६१ साली त्याने छाती ठोकून आत पाणी आहे का हवा आहे हे कसं ओळखावं यावर लहानसं पुस्तक काढलं. आपल्या घरी हे ज्ञान नवं नाही. माझी आजी माठात किती पाणी उरलं ते टिचकी मारून सांगायची, आणि बाजारात कलिंगड ठोकून घेतात तेही हेच. तेव्हा घरी जा आणि अर्धा भरलेला माठ ठोक. वरून खाली येत जा. जिथे आवाज बदलतो तिथे पाणी सुरू होतं. मग स्वतःची मांडी ठोक, तो भद्द आवाज. गाल फुगवून त्यावर टिचकी मार, तो पोकळ आवाज. पोटात गॅस असला की तसाच येतो. मग मैत्रिणीची छाती, उजव्या बाजूला वरून खाली. एका जागी आवाज भद्द होईल, तिथे यकृत सुरू होतं. ते स्वतः सापडलं की पर्कशन आलं म्हणून समज.

तुझा आवाज सारखा येतोय कारण बहुधा तू पूर्ण हाताने मारते आहेस. हालचाल फक्त मनगटातून. डाव्या हाताचं मधलं बोट अंगावर घट्ट टेकव, बाकीची बोटं उचललेली. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाने डाव्याच्या शेवटच्या पेरावर मार आणि लगेच उचल. नखं कापलेली हवीत.

ब्रदर_सोलापूर · सोमवार, सकाळी ७.०५

ताई, तुमचं सगळं पटतं, पण माझा वॉर्ड ऐका. ६० रुग्ण, रात्रीला आम्ही दोन जण. एकेक श्वास पूर्ण मिनिट मोजायचा तर ६० मिनिटं तिथेच गेली. त्यात इंजेक्शनं, सलाईन, नवीन दाखल, मयत झाली तर तिची कागदपत्रं. डोक्यापासून पायापर्यंत असेसमेंट हे कॉलेजच्या केअर प्लॅनमध्ये शोभतं. मुलांना असं शिकवतो आणि नोकरीला लागल्यावर ते बघतात की कुणीच करत नाही, मग त्यांचा शिक्षणावरचाच विश्वास उडतो. हे खोटं शिकवण्यासारखंच नाही का?

दुसरी गोष्ट, मी पुरुष नर्स. बायकांच्या छातीचं, पोटाचं असेसमेंट आम्हाला कुणी नीट शिकवलंच नाही. ‘सिस्टरला सांगा’ एवढंच. रात्री सिस्टर दुसऱ्या वॉर्डात असेल तर काय करायचं?

चिंचेचं_झाड · सोमवार, सकाळी ९.४०

मी निवृत्त होऊन ९ वर्षं झाली. ब्रदर, तुमचं म्हणणं खरं आहे, ६० ला २ हे प्रमाण चूकच आहे, आणि त्यावर भांडलंच पाहिजे. पण आम्ही काय करायचो ते सांगते. ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती, घेताना नुसतं टेबलाशी बसून घ्यायचं नाही. प्रत्येक पलंगापर्यंत चालत जायचं. जाताना प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा, ‘काय म्हणता, जेवलात का?’ जो पूर्ण वाक्य न थांबता बोलतो, डोळ्याला डोळा देतो, त्याला पुढचे दोन तास थोडी उसंत आहे. जो दोन शब्दांवर श्वास घेतो, जो ‘हं’ एवढंच म्हणतो, ज्याचा हात हातात घेतल्यावर गार आणि ओला लागतो, त्याच्या पलंगावर खूण करायची. ६० मधून असे ५-६ निघतात. पूर्ण मिनिट त्यांना द्यायचं. बाकीच्यांचा आकडा घेतला नसेल तर रकाना मोकळा सोडायचा. मोकळ्या रकान्याबद्दल इन्चार्ज ओरडतील, ओरडू देत. खोट्या आकड्याने माणूस मरू शकतो.

आणखी एक, ते दुखण्याबद्दल. हल्ली सगळ्यांना ० ते १० मध्ये दुखणं विचारायला शिकवतात. माझ्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायकांना ते कधी झेपलं नाही. ‘दहापैकी किती?’ म्हटलं की म्हणायच्या, ‘लई.’ मी विचारायचे, ‘काल रुपयाभर दुखत होतं असं धरा, आज किती आणे राहिलंय?’ लगेच उत्तर यायचं. ‘आठ आणे फरक हाय बाई.’ ‘बारा आणे गेलं, चार आणे हाय.’ हा स्केल त्यांच्याकडे आधीपासूनच होता.

आणि दुखण्याचा प्रकार मराठीत जितका नेमका सांगता येतो तितका मला इंग्रजीत कधी आला नाही. ठणका म्हणजे पू धरतोय का बघा. कळ येते आणि जाते, म्हणजे आतडं किंवा मूत्रनळी पिळवटतेय. ठुसठुस, सल, चमक, रग, जळजळ, आवळल्यासारखं, मुंग्या, बधीरपणा, प्रत्येक शब्दाच्या मागे वेगळं कारण असतं. मुली याचं भाषांतर करून सगळीकडे नुसतं ‘पेन’ लिहितात आणि माहिती तिथेच संपते. रुग्णाने वापरलेला शब्द जसाच्या तसा लिहा, देवनागरीत लिहा. कोणी अडवत नाही. ‘छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय’ हे वाक्य केस पेपरवर असलं की डॉक्टर ईसीजीला उशीर करत नाहीत.

गोदाकाठ · सोमवार, दुपारी २.२०

फिजिशियन आहे, म्हणून नर्सच्या नोंदीवर माझी अर्धी भिस्त असते. चिंचेचं_झाड यांनी शब्दांबद्दल लिहिलं ते सोन्यासारखं आहे. भर एवढीच घालतो : ‘चक्कर’ शब्दावर कधीही थांबू नका. गरगरतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, की चालताना तोल जातो? तिन्हीला आपल्याकडे चक्करच म्हणतात आणि तिन्हींचे मार्ग वेगळे आहेत.

बीपीबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे, कारण मी रोज चुकीच्या आकड्यांवर औषध लिहायच्या बेतात येतो. आपल्या वॉर्डात एकच कफ असतो, तोच पैलवानाला आणि तोच कुडीने लहान असलेल्या आजीला. कफमधल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के आणि लांबी ८० टक्के हवी. जाड दंडाला लहान कफ बांधला की बीपी खोटंच जास्त येतं. पोलक्याची घट्ट बाही वर सरकवून तिचा दोरखंड केलेला असतो, त्यावर कफ. नको. बाही काढता येत नसेल तर दुसऱ्या हाताला बघा. हात लोंबकळत असेल तरी जास्त येतं, तो हृदयाच्या पातळीवर टेकवा. रुग्ण जिना चढून आलाय तर पाच मिनिटं बसू द्या, आणि मोजताना त्याच्याशी बोलू नका.

आधी नाडीवर बोट ठेवून फुगवा, नाडी कुठे नाहीशी होते ते बघा, मग त्याच्या वर ३० पर्यंत न्या आणि सेकंदाला २-३ मिलिमीटर या गतीने सोडा. ही पहिली पायरी सगळे गाळतात. काही जणांत, विशेषतः जुनं बीपी असलेल्यांत, आवाज मध्येच काही अंतर बंद होतात आणि परत सुरू होतात. तुम्ही १६० पर्यंतच फुगवलं आणि खरा आकडा २०० असेल, तर १६० च्या आसपास शांतता असेल आणि तुम्ही आनंदाने १४० लिहाल. हे आवाज १९०५ मध्ये निकोलाय कोरोत्कॉफ या रशियन सर्जनने सांगितले. आजही तेच ऐकतो आपण.

पांढरं_सोनं · सोमवार, संध्याकाळी ६.३०

यवतमाळकडची आहे. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेचे शेतकरी, शेतमजूर ओळीने दाखल होत होते ते सगळ्यांनी पेपरात वाचलं असेल. दरवर्षी कापसावर फवारणी सुरू झाली की आमच्या भागात असे रुग्ण येतातच. मी काय शिकले ते सांगते, कारण हे शिकायला मला कुठल्या मशीनची गरज पडली नाही.

ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकांच्या विषबाधेत माणूस पाझरायला लागतो. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर, नाडी मंद, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. कपड्यांना विशिष्ट उग्र वास असतो, तो एकदा घेतला की विसरत नाही. कपडे आधी उतरवायचे, आणि आपण हातमोजे घालून. मग ॲट्रोपिन हे उताऱ्याचं औषध सुरू होतं आणि पुढचं सगळं काम आपल्या हाताचं. दर थोड्या वेळाने : छाती ऐकायची, घरघर गेली का? नाडी ८० च्या वर आली का? वरचं बीपी ८० च्या वर आहे का? आणि काखेत हात घालून बघायचं, कोरडी आहे का ओली. मला एका सीनियर सिस्टरने हात धरून त्या रुग्णाच्या काखेत घातला होता. म्हणाल्या, ‘चार्टवर लिही, काख ओली.’ मी लाजत होते. आता माझ्या विद्यार्थिनींचा हात मी तसाच धरते.

बाहुल्या शेवटी मोठ्या होतात, फक्त त्यांच्यावर विसंबू नका. आणि उलट बाजूही बघायची. ॲट्रोपिन जास्त झालं तर ताप चढतो, माणूस बरळतो, चादर चिमटीत धरून ओढत राहतो, पोटाचे आवाज बंद पडतात. नातेवाईक म्हणतात, ‘भूतबाधा झाली.’ ते औषध जास्त झाल्याचं लक्षण आहे, तेव्हा लगेच डॉक्टरांना बोलवायचं.

भातखाचर · सोमवार, रात्री ९.००

मी उपकेंद्राची एएनएम (आरोग्यसेविका), रायगड. आमच्याकडे विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही बीपीची गोळी वापरून किती जीव वाचवले ते आमच्या भागात घरोघरी माहीत आहे. माझ्याकडे रुग्ण आला की मी आधी तळहात-तळपाय धरते. गार पडलेत आणि घाम फुटलाय, उलटी होतेय, म्हणजे विष अंगात फिरतंय. गोळी दिल्यावर रुग्णवाहिका येईपर्यंत दर थोड्या वेळाने पुन्हा तेच, हातपाय गरम होऊ लागले का. गरम होऊ लागले की जीव थोडा खाली पडतो. खोकला सुरू झाला, तोंडाला गुलाबी फेस आला, की फुप्फुसात पाणी.

मण्यार साप त्याहून फसवा. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतो. दंशाची खूण दिसत नाही, सूज नाही. घरचे ओवा देतात. अशा वेळी पापण्या बघायच्या. ‘वर बघा’ म्हणायचं. पापणी जड, डोळे अर्धे मिटलेले, मान उशीवरून उचलता येत नाही, तर क्षणभर थांबायचं नाही. वाटेत रुग्णवाहिकेत मी त्यांना एका श्वासात एक, दोन, तीन मोठ्याने म्हणायला लावते. मघाशी १८ पर्यंत गेला होता आणि आता ११ वर अडकतोय, म्हणजे श्वासाचे स्नायू थकताहेत. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हातात घेऊन बसायचं.

गरोदर बायांचं एक सांगून थांबते. पायावरची सूज दाबून बघतातच सगळे, मी जोडवी आणि बांगड्या विचारते. ‘जोडवी रुतायला लागली का? बांगडी कालपरवापर्यंत फिरत होती, आता फिरत नाही का?’ हाताची, चेहऱ्याची सूज लवकर कळते. मग बीपी. १४०/९० किंवा वर आलं, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे, छातीखाली कळ, तर लघवी तपासून तिथूनच पुढे पाठवायचं.

बाबांसाठी · सोमवार, रात्री ९.४५

मी नर्स नाही. बाबांना पक्षाघात झाला, आठ महिने अंथरुणावर आहेत. दवाखान्यात असताना एका शिकाऊ मुलीने त्यांना कुशीवर वळवून पाठ बघितली आणि माकडहाडापाशी लाल डाग दाखवला. त्या आधी चार दिवस कुणी वळवलं नव्हतं. ती मुलगी घाबरत घाबरत म्हणाली, ‘काका, हे बोटाने दाबल्यावर पांढरं होत नाहीये.’ त्या मुलीमुळे बाबांची जखम उघडी पडायची वाचली. तिचं नाव विचारायचं राहिलं. घरी आम्ही काय बघत राहावं?

रात्रपाळी · सोमवार, रात्री १०.२०

तिने बरोबर तेच केलं जे करायला हवं. रोज अंघोळ घालताना चांगल्या उजेडात बघा : माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू, कानाची पाळी. सावळ्या अंगावर लाल रंग दिसत नाही, म्हणून हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करा. आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागलं तर तिथे भार देऊ नका. दर दोन तासांनी कूस बदला. टाचांखाली नाही, पोटरीखाली उशी ठेवा, म्हणजे टाच अधांतरी राहते. पायाची सूज अंथरुणावरच्या माणसात कमरेवर उतरते, तीही दाबून बघा. काही वाटलं तर इथे विचारा, पण जखम दिसली तर आधी दवाखाना.

ब्रदर, तुमचा दुसरा प्रश्न राहिला. सिस्टर नसेल तर वॉर्डातल्या मावशींना किंवा रुग्णाच्या नात्यातल्या बाईला बोलवा. पडदा लावा. आधी सांगा : ‘ताई, मी नर्स आहे, तुमचा श्वास कसा चाललाय ते पाठीवरून ऐकणार आहे, चालेल ना?’ हो म्हणाल्यावरच हात लावा. छाती पाठीवरून पुष्कळ ऐकता येते, आणि पुढचं ऐकायचं तर पदर त्यांनाच सरकवू द्या, जेवढा लागेल तेवढाच. कपड्यावरून ऐकू नका, कापडाची घसट फुप्फुसातल्या आवाजासारखी लागते. आणि नकार दिला तर नकार लिहा, त्यावर चिडू नका. मुलींनाही पुरुष रुग्णांच्या बाबतीत मी हेच शिकवते. हे शिकवलं गेलं नाही ही आम्हा शिक्षकांची चूक आहे. या वर्षी मी त्यावर वेगळा तास घेणार आहे.

लीड्सची_थंडी · मंगळवार, पहाटे ३.१०

साताऱ्याची, आता यूकेत. इथे प्रत्येक रुग्णाला न्यूज २ नावाचा गुणांचा तक्ता असतो. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणला, २०१७ मध्ये सुधारला. श्वास, ऑक्सिजनची पातळी, ऑक्सिजन लावलाय का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि तापमान, यांना गुण. श्वास २५ किंवा वर गेला की त्या एकट्याचेच ३ गुण, आणि कुठल्याही एका रकान्यात ३ आले की तातडीने बघायला यावंच लागतं. एकूण ७ झाले की आणीबाणी. नवखी नर्ससुद्धा ‘स्कोअर ७ आहे’ म्हणाली की डॉक्टर उठतात. भारतात मी ‘सर, पेशंट बरा वाटत नाही’ म्हणायचे आणि कुणी उठायचं नाही. तेव्हा चिंचेचं_झाड ताई, तुमची नजर मला हवीच आहे, पण त्या नजरेला आकड्याची काठी दिली तर धाकट्या मुलीचंही ऐकलं जातं.

एक उलटी तक्रार इथली. पुस्तकांतले बहुतेक फोटो गोऱ्या कातडीचे. ‘ओठ निळे होतात, कातडी फिकट पडते.’ आपल्या रंगावर ते तसं दिसत नाही. जीभ, ओठांची आतली बाजू, खालच्या पापणीची आतली बाजू, तळहाताच्या रेषा, तिथे बघायला मी इथल्या विद्यार्थ्यांना शिकवते. कावीळ डोळ्याच्या पांढऱ्यावर आणि खिडकीच्या उजेडात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही गडद कातडीवर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, आणि गडद मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर बोट बदला. आकडा ९५ आणि माणूस धापा टाकतोय, तर माणसावर विश्वास ठेवा.

चिंचेचं_झाड · मंगळवार, सकाळी ८.५०

काठी पटली. माझ्या काळी असती तर बरं झालं असतं. दोन वेळा तरी माझं ऐकलं गेलं नाही ते आठवतं.

मधुमेहाच्या पायाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून : ‘चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही का?’ एवढं विचारा. हो म्हणाले तर पायाची संवेदना गेलीय. बोटांच्या बेचक्यांत वाकून बघा.

भातखाचर · मंगळवार, दुपारी १.१५

लहान मुलांचे आकडे इथे राहू देत, विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडतील. दोन महिन्यांच्या आतलं बाळ : मिनिटाला ६० किंवा जास्त म्हणजे जलद. २ ते १२ महिने : ५०. एक ते पाच वर्षं : ४०. बाळ शांत असताना, पूर्ण मिनिट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा वर आले तर परत एकदा मोजा, त्यांचा श्वास मुळातच अनियमित असतो. आईला झबलं वर करायला सांगा आणि फासळ्यांखालचा भाग श्वास घेताना आत ओढला जातो का ते बघा.

दुसरं_सेमिस्टर · बुधवार, रात्री ८.४०

मॅम, आज पोस्टिंगचा दुसरा दिवस. फीमेल मेडिकल. १२ जणींचे श्वास मोजले, पूर्ण मिनिट. १४, १६, २२, १६, १९, १३... सगळे आकडे वेगळे आले. एका मावशींचे खरंच १८ होते, ते मी परत मोजले.

७ नंबरच्या आजींचे २६ आले. त्या ‘काय नाय होत’ म्हणत होत्या. पण वाक्य अर्ध्यात थांबत होत्या, आणि हाताची बोटं गार होती. मी इन्चार्ज सिस्टरना सांगितलं तेव्हा माझा आवाज कापत होता. त्या म्हणाल्या, ‘तू मोजलेस का खरंच?’ मी हो म्हटलं. त्या आल्या, स्वतः मोजले, २८ भरले. मग डॉक्टरांना फोन केला. दुपारी आम्ही निघालो तेव्हा आजींना ऑक्सिजन लावला होता आणि रक्त तपासायला पाठवलं होतं.

माठही ठोकला. आवाज बदलतो!

रात्रपाळी · बुधवार, रात्री ९.०५

आजी आडव्या होत्या का टेकून बसवलं होतं? आणि ऑक्सिजन लावल्यावर किती झाले?

दुसरं_सेमिस्टर · बुधवार, रात्री ९.१२

आधी आडव्या होत्या, सिस्टरनी टेकून बसवलं. लावल्यानंतर अर्ध्या तासाने २४. उद्या सकाळी गेल्या गेल्या परत मोजते.